कानानं चालणारे पाटील

पुण्याहून निघताना भेटायला आलेल्या प्रत्येकीनं मला एकच सल्ला दिला, "कशाला म्हणून हात लावू नकोस गं बाई!" मी धंद्यानं नर्स. हात न लावता पोट भरता आलं असतं तर मी कीर्तनं केली असती. पण अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी मान डोलावली, त्यांनी आणलेले लाडू ठेवून घेतले आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

निपाणीकडे डॉक्टर मगदूम नावाचे एक गृहस्थ महारोग्यांचा दवाखाना चालवतात, तिथं रोग्यांना कोंडून ठेवत नाहीत, आठवड्यातून एकदा सुई टोचून आपापल्या घरी पाठवतात, असं आमच्या इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांच्या कानावर आलं होतं. कोणीतरी जाऊन ते काम शिकून यावं असं ठरलं, तेव्हा सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. मला ना नवरा ना पोर, आणि स्वभाव तिखट. मी म्हटलं, मी जाते. तीन आठवड्यांच्या बोलीवर गेले आणि नऊ आठवड्यांनी परत आले. तिकडे काय पाहिलंस म्हणून अजून लोक विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे.

कोगनोळीच्या पुढं

कोल्हापुरापर्यंत आगगाडी आणि पुढं सर्व्हिस मोटार. कागल मागं पडलं की थोड्या वेळात संस्थानची हद्द संपते आणि कोगनोळीपाशी खालसा मुलूख लागतो. शेजारी बसलेल्या म्हातारीला मी विचारलं, "हद्द बदलली हे कळायचं कसं?" ती म्हणाली, "शिंका यायला लागल्या की इंग्रजाचं राज्य आलं म्हनायचं."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण दिवस जानेवारीचे, तंबाखूच्या कापणीचे. दोन्हीकडे काळी रानं, त्यांत कापून वाळत घातलेला तंबाखू, आणि वारा आला की नाकात जो काही भपकारा शिरे, त्यानं सगळी मोटार एका सुरात शिंकायला लागली. आमच्या घरी आत्या होती. कोणी शिंकलं की ती निघालेल्या माणसाला खाली बसवून पाणी प्यायला लावायची. ती निपाणीत राहिली असती तर जन्मात कोणी उंबऱ्याबाहेर पडलं नसतं.

डॉक्टरांच्या घरी पोचायला दिवस मावळून गेला होता. घर जैनांचं. डॉक्टरांच्या आईनं हातपाय धुवायला ऊन पाणी दिलं, बसायला घोंगडं दिलं, सगळी विचारपूस केली आणि जेवायचं मात्र कोणी नावच काढीना. पुण्यात आम्ही रात्री नऊला जेवणारी माणसं. मी आपली वाट बघतेय. शेवटी म्हातारीच ओशाळून म्हणाली, "बाई, दिवस बुडाला की आमच्यात चूल न्हाय वो. सकाळी लौकर करतो." मैत्रिणींचे लाडू त्या रात्री कामी आले. मनातल्या मनात त्यांना सगळ्या सल्ल्यांची माफी देऊन टाकली.

वखारीतला दवाखाना

दवाखाना म्हणजे गावाबाहेरची तंबाखूची एक रिकामी वखार. दर बुधवारी तिथं सत्तर-ऐंशी माणसं जमत. कडू कवठाच्या तेलाची सुई हाच मुख्य उपचार. तेल घट्ट, सुई जाड, आणि टोचून घेणाऱ्याचं तोंड बघवत नाही. तरी माणसं कोसकोस चालत येत.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. एका कानडी आजीला पट्टी बांधायची होती. मी फळीच्या खाटेकडे बोट दाखवून म्हटलं, "बेड, बेड!" आजी उठून चालायला लागली. मी मागून ओरडतेय, "अहो, बेड!" तशी ती आणखी जोरात निघाली. डॉक्टर पोट धरून हसत होते. कानडीत त्याचा अर्थ 'नको' असा होतो. आजीला वाटलं, ही पुण्याची बाई आपल्याला हाकलतेय. तिला परत आणून तिचे पाय धुईपर्यंत माझा पुणेरीपणा बराच उतरला होता.

अकरा वर्षांच्या नोकरीत जे कोणी शिकवलं नव्हतं, ते डॉक्टरांनी त्या वखारीत एका सकाळी शिकवलं. एका माणसाचं कोपर माझ्यापुढं धरून म्हणाले, "आतल्या बाजूला दाबून बघा. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, ती शीर." माझ्या बोटाखाली ती शीर सुतळीसारखी जाड लागली. नंतर माझ्याच कोपराला चाचपली तर सापडता सापडेना.

"रोग ह्या शिरेत बसतो," डॉक्टर म्हणाले. "बोटं झडतात, पाय झडतो म्हणतात ते खोटं. रोग बोट खात न्हाय, बोटाचा राखण्या मारतो. दुखणं हा राखण्या. तो मेला की मग चूल, खिळा, काटा, ज्याला पायजे त्यानं यावं आन् लुटून न्यावं."

मी इतकी वर्षं 'झडतं' हाच शब्द वापरत आले होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

पायगोंडा अण्णा

आता ज्यांच्यासाठी मी सहा आठवडे जास्त राहिले त्यांच्याकडे येते. वेदगंगेच्या काठच्या एका गावचे पायगोंडा पाटील, तेही जैनच. सगळे त्यांना अण्णा म्हणत. वय पन्नाशीचं, मिशा पांढऱ्या, फेटा कडक आणि पायात करकर वाजणारं कोल्हापुरी पायताण. आमच्याकडे पुण्यात पावलं न वाजवणं ही रीत. इकडे पायताण वाजलं नाही तर माणूस गरीब आहे की काय अशी शंका घेतात. दोन तळांच्या मधे बिया घालून मुद्दाम ते वाजतं करून घेतात. अण्णा वखारीत यायच्या आधी त्यांचा आवाज येई.

त्यांच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, बिब्ब्याएवढी जखम होती. पायताणाला मारलेला खिळा वर येऊन आठ दिवस तळव्यात रुतत होता आणि अण्णा त्यावर चालत होते. पायताण रक्तानं भिजलं तेव्हा पद्माक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते दिसलं. जखम वर्षभर भरत नव्हती. बेळगावच्या मोठ्या सर्जननं तपासून कागद दिला होता: होळीपर्यंत जखम भरली नाही तर उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागेल.

पद्माक्कांनी तो कागद मला दाखवला आणि पदरानं तोंड झाकलं. "पाय कापला तर गाव कापला म्हननार न्हाय, बाई. झडला म्हनंल. मग आमच्या दारात कोन येनार वो? आतासुदीक ह्यो मानूस आपन हून रानातल्या वस्तीवर जाऊन ऱ्हायलाय."

उपाय एकच होता. जखमेवर भार न देता सहा आठवडे पडून राहायचं. आणि नेमकं तेच अण्णा करायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की उजव्या पायाला थोडं काही झालं असेल, डावा ठणठणीत आहे, आणि मोटेवर ते स्वतः गेल्याशिवाय उसाला पाणी मिळत नाही.

"डावाही बधिर आहे, अण्णा," डॉक्टर सांगत.

"काय सांगताय! मेलेल्या पायाच्या माणसाचं पायताण वाटंत सुटून पडतंय आन् त्याला पत्ता नसतोय. हितं सुई घ्यायला येतोय त्या शिवाप्पाचं बघितलं न्हाय? माझं कधी सुटलंय का? इचारा गावात."

हे मात्र खरं होतं. पायातून चप्पल सुटली तरी न कळणारी माणसं मी वखारीत रोज बघत होते. अण्णांची कधी सुटलेली पाहिली नाही. एकदा सैल झाली तेव्हा त्यांनी जागच्या जागी थांबून अंगठा नीट बसवला होता. मी डॉक्टरांना म्हटलं, "तुमचं काही चुकत तर नाही?" डॉक्टर नुसते हसले, पण मला दिसलं की तेही चक्रावले आहेत.

मोटेवर

एका सकाळी मी पट्टी बदलायला वस्तीवर गेले. अण्णा आधीच उठून रानात गेले होते. मी चिडून त्यांच्या मागं निघाले. विहिरीवर मोट चालू होती, बैल उतरणीला होते, आणि मोटेचं चाक असं कुरकुरत होतं की बोललेलं ऐकू येईना. अण्णा पाटाच्या कडेनं पुढं चालले होते. पाटातलं पाणी फुटून वाटेवर चिखल झाला होता.

त्या चिखलात त्यांचं डावं पायताण रुतून बसलं. आणि अण्णा चालतच राहिले.

पुढं तंबाखू कापलेलं रान. जमिनीतून तिरके कापलेले खुंट वर आलेले. त्यांतून अनवाणी पायानं अण्णा ताठ मानेनं निघाले होते. मी चिखलातून ते पायताण उपसलं आणि धावत सुटले. "अण्णा! थांबा! पायताण!"

ते वळले. "काय झालं?"

"पायताण सुटलंय तुमचं!"

"हट्! हाय की पायात. ऐका की, वाजतंय न्हवं!"

चाक कुरकुरत होतं. मी हातातलं पायताण पुढं धरलं. अण्णांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि मग खाली स्वतःच्या पायाकडे. खुंट लागून अंगठ्याच्या बाजूनं रक्त आलं होतं. तेवढ्यात बैल वर आले, चाक थांबलं आणि रानात एकदम शांतता झाली.

अण्णा मटकन बांधावर बसले. मग अगदी हळू म्हणाले, "म्हंजे मी आजपतोर कानानं चालत हुतो की वो, बाई."

मला त्यांच्याशी भांडायचं होतं, ते मी विसरूनच गेले. पायताण वाजलं तर पायात आहे, थांबलं तर सुटलं; आज चाकाच्या कुरकुरीनं त्यांना चकवलं. किती वर्षं हा माणूस असा चालत होता आणि त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याशेजारी चिखलातच बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेऊन पुसायला लागले.

"बाई, पाटलाचा पाय मांडीवर घेताय व्हय?" ते कळवळून म्हणाले.

"गप्प बसा. पाय जिवंत आहे का मेलेला, तुम्हाला कळतंय का?"

"न्हाय कळत."

"मग आजपासून मी सांगीन तसं."

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

सहा आठवडे

मी पुण्याला पत्र टाकलं की येत नाही. उत्तर यायच्या आत वस्तीवर कामाला लागले.

पाटलाला खाटेवर पाडून ठेवणं हे बैलाला पाळण्यात निजवण्यासारखं आहे. पहिले आठ दिवस ते सगळ्यांवर ओरडले. मग आवाज बसला तेव्हा गावातल्या गोष्टी सांगायला लागले, आणि मी पट्टी बांधता बांधता इतकं ऐकलं की त्या गावची पोलीसपाटीलकी मी आज चालवू शकेन. पद्माक्का मला रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी घालत. कांदा-लसूण नाही, तरी जिभेला चव कशी लागते हे मला कळेना. दिवस बुडायच्या आत जेवायची तर मला अशी सवय लागली की पुण्यात येऊन आठ दिवस मी संध्याकाळी पाचलाच कासावीस होत होते.

खरी युक्ती त्या जेवणातूनच निघाली. बधिर पाय रोज बघावा लागतो. कुठं लाल झालंय, कुठं गरम लागतंय, कुठं काटा बसलाय. पण कष्टाच्या घरात हे बघायला सवड कोणाला? रात्री तर दिसतही नाही. मी पद्माक्कांना एकदा सूपभर तांदूळ निवडताना पाहिलं. जीवजंतू पोटात जाऊ नये म्हणून एकेक दाणा उजेडाला धरून बघायच्या, पाणी दोनदा गाळायच्या.

मी म्हटलं, "पद्माक्का, तांदूळ निवडता तसे ह्यांचे पाय निवडायचे. जेवणाआधी, उजेड आहे तोवर."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "आत्ता बगा! हे तर मला येतंयच की."

त्या दिवसापासून संध्याकाळी पाय निवडल्याशिवाय त्या घरात ताट वाढलं गेलं नाही. डॉक्टरांची दहा वर्षांची नजर आणि माझी अकरा वर्षांची, पण उजव्या टाचेजवळची एक गरम जागा आम्हा दोघांच्या आधी पद्माक्कांच्या हाताला लागली. बिब्ब्याएवढी जखम हरभऱ्याएवढी झाली. मग मुगाएवढी. एका संध्याकाळी पद्माक्का पाय उजेडाकडे फिरवून फिरवून बघत बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, कुटं हुती वो?" मी त्यांना मिठीच मारली. महारोग्याच्या घरात मी कोणाला मिठी मारली हे पुण्यातल्या मैत्रिणींनी इथं वाचावं.

आता पायताणाचा प्रश्न. जुनं घातलं तर महिन्याभरात पुन्हा जखम. डॉक्टरांनी गावातल्या सिद्राम आप्पांना बोलावलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा चामड्याचा कारागीर, बोलणं कमी. डॉक्टरांनी सांगितलं: खिळा एकही नको, सगळं शिवायचं, वरच्या थराला लॉरीच्या ट्यूबचं मऊ रबर, आणि सुटू नये म्हणून टाचेला पट्टा.

"पट्टा?" अण्णा खाटेवर उठून बसले. "मी पाटील हाय का पट्टेवाला?"

झालं! साहेबाच्या दारात उभा राहणारा पट्टेवाला त्यांच्या डोळ्यांपुढं आला. डॉक्टरांनी समजावलं, मी दटावलं, पद्माक्कांनी डोळ्यांत पाणी आणलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले. एक पाय वाचला आणि तो शब्दासाठी घालवतोय हा माणूस! मला त्यांचा असा राग आला की मी उठून अंगणात गेले.

आतून सिद्राम आप्पांचा आवाज आला. ते चामड्याला टाके घालीत होते, वर न बघताच म्हणाले, "बेळगावात पलटन हाय. तितला सुभेदार पट्ट्याचंच पायताण घालतोय. माझ्या भावानं शिवलंय."

खाट करकरली. मग अण्णांनी विचारलं, "पट्टा केवढा रुंद असतोय सुभेदाराचा?"

"दोन बोटं."

"माझा तीन बोटं कर."

बेळगाव

होळीच्या चार दिवस आधी आम्ही बेळगावला निघालो. सर्व्हिस मोटारीत महारोग्याला घेत नाहीत, म्हणून डॉक्टरांची जुनी फोर्ड काढली. संकेश्वरपर्यंत ती गुणाची वागली. वंटमुरीच्या घाटात तिच्या नाकातून वाफ निघाली आणि ती बसली. डॉक्टर उतरले, मी उतरले, पद्माक्का उतरल्या. अण्णाही उतरायला लागले तशी मी ओरडले, "पाय खाली ठेवाल तर याद राखा!" चढणीला जोर लावला की नव्या कातडीचं काय होतं हे मला ठाऊक होतं.

"आवो, बायकामानसं ढकलत्यात आन् मी गादीवर?"

"सुभेदार ढकलत नसतात, अण्णा!" डॉक्टर मागून म्हणाले.

असे फेटा बांधलेले पाटील आत, आणि मागं एक डॉक्टर, एक नर्स आणि एक पाटलीणबाई. वाटेनं जाणारे गाडीवान बैल थांबवून बघत होते. अण्णांनी शरमेनं फेट्याचा शेव तोंडावर घेतला. घाटमाथ्यावर वारा गार लागला, खाली काळी रानं संपून तांबडी माती दिसायला लागली, आणि घामेजलेल्या पद्माक्का मला म्हणाल्या, "जल्मात पयल्यांदा ह्यांस्नी मी ढकलत न्हेलं." आणि इतक्या हसल्या की त्यांना रस्त्यातच बसावं लागलं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात आम्हाला दोन तास बसवलं. तिथं आणखी दहा-बारा महारोगी होते, सगळे भिंतीला टेकून, खाली बघत. पद्माक्कांच्या हातात तो कागद होता. घामानं तो मऊ पडला होता. मी जखमेची जागा पहाटे स्वतः पाहिली होती आणि तरी मनात येत होतं, सर्जन म्हणाला, भरली आहे पण टिकणार नाही, कापा, तर?

आत बोलावलं. सर्जन इंग्रज, उंच, घाईतला माणूस. त्यानं कागद वाचला, नर्सला काहीतरी सांगितलं, अण्णांना टेबलावर बसवून दोन्ही पायांतली पायताणं काढायला लावली. उजवा पाय उचलला, तळवा बघितला, अंगठ्यानं दाबला. खाली ठेवला. डावा उचलला, तोही दाबून बघितला. पुन्हा उजवा. मग कागदाकडे आणि मग डॉक्टर मगदुमांकडे बघून त्यानं मोडक्या मराठीत विचारलं, "ह्यातला कापायचा होता तो कुठला?"

डॉक्टर उत्तर द्यायला पुढं झाले. पण त्यांच्या आधी अण्णाच ताठ झाले. "सायेब, तुमीच वळका!"

सर्जननं एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि तो मोठ्यांदा हसला. घाईतला माणूस खुर्ची ओढून बसला, आणि काय केलं, किती दिवस, कोणी, सगळं विचारायला लागला. आम्ही पद्माक्कांना पुढं केलं. त्या बिचाऱ्या लाजत लाजत म्हणाल्या, "काय न्हाय सायेब, मी आपली रोज निवडती." ह्याचं भाषांतर करून सांगताना डॉक्टरांची तारांबळ उडाली.

सर्जननं जुन्या कागदावर रेघ मारली आणि खाली इंग्रजीत दोन ओळी खरडल्या. आम्ही उठलो. अण्णा उठले नाहीत.

"मराटीत लिवा, सायेब. आन् कानडीत बी. आमचं गाव दोन्हीत वाचतंय."

सर्जननं आपल्या कारकुनाला बोलावलं. कारकुनानं नव्या कागदावर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कानडी लिहिलं, साहेबानं सही केली, वर शिक्का उमटवला. अण्णांनी तो वाळेपर्यंत फुंकर मारली.

व्हरांड्यात आल्यावर कागद माझ्याकडे देऊन म्हणाले, "वाचा बाई." मी वाचायला लागले, पण दुसऱ्या शब्दाला अक्षरं पुसट झाली. मी रडतच होते, खोटं कशाला सांगू. पद्माक्काही रडत होत्या. अण्णांनी माझ्या हातातून कागद घेतला, भिंतीला टेकलेल्या त्या दहा-बारा जणांच्या समोर जाऊन उभे राहिले, आणि चावडीवर सरकारी हुकूम वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचलं:

"पायगोंडा पाटील यास तपासले. यास दोन पाय असून दोन्ही कामाचे आहेत."

भिंतीला टेकलेल्यांपैकी एका म्हाताऱ्यानं मान वर केली आणि विचारलं, "पुन्यांदा वाचता का, अण्णा?"

अण्णांनी कागद उलटा केला आणि आता कानडीत वाचला.